उलटं बुजगावणं

पालथ्या बादलीवर बसून अर्धा तास झाला होता आणि माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. समोर हिरवी जाळी, जाळीत खोचलेल्या झुडपाच्या फांद्या, आणि पलीकडे नुकतंच वाटाणा पेरलेलं सपाट रान.

"वर बघू नकोस. त्यांना चेहरा दिसतो. उन्हात माणसाचा चेहरा चकाकतो," शेजारचे आजोबा पुटपुटले.

माझा तुमच्याइतका चकाकत नाही, असं मी म्हणालो. ते आवाज न करता नुसते खांदे हलवून हसले, आणि तरीही जाळीदार बुरखा माझ्या हातात दिलाच.

मग त्यांनी खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं. पंचवीसेक पावलांवर दोन मेलेली कबुतरं उडायला लागली.

उडायला लागली म्हणजे गोल फिरायला लागली. जमिनीत रोवलेली एक लोखंडी कांब, तिच्या डोक्यावर डब्यात बसवलेली मोटर, मोटरीपासून दोन बाजूंना निघालेले चार-साडेचार फुटांचे दोन बाक असलेले दांडे. दांड्याच्या टोकाला तारेची खुर्चीसारखी बैठक आणि त्या बैठकीत पंख पसरून बसवलेलं एकेक पाखरू. खाली मातीत अर्धवट पुरलेली बारा व्होल्टची बॅटरी, तिच्यावर ओलं गवत. मी घड्याळ लावून मोजलं, दोन-अडीच सेकंदांत एक फेरा. एक दांडा जरा वर, एक जरा खाली, त्यामुळे एक पाखरू उतरतंय आणि दुसरं त्याच्या मागे घिरटी घेतंय असं वाटायचं. मला आमच्या गावच्या जत्रेतला पाळणा आठवला. तोही असाच हलक्या करकरीसह फिरायचा.

इंग्रजीत याला पिजन मॅग्नेट म्हणतात, कबुतरांचा लोहचुंबक. आजोबांच्या तोंडी त्याचं नाव व्हर्ली. ते बीटच्या साखर कारखान्यात फिटर होते. मी सोलापूर जिल्ह्यातला म्हटल्यावर आमच्या गप्पांचा पहिला विषय साखर कारखाना हाच निघाला होता; उसाचा चोथा आणि बीटचा चोथा यांवर आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून तासभर बोललो होतो. तर त्यांनी पहिलं यंत्र स्वतः बनवलं होतं, भंगारातल्या मोटारीच्या वायपरची मोटर काढून. तिला वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती. "कबुतरं नव्हे, हेलिकॉप्टर वाटायचं," ते सांगतात. हल्ली विकत मिळतात त्यांना वेग बदलायचा खटका असतो. वाऱ्याच्या दिवशी दांडे वाऱ्याच्या बाजूला अडखळतात, मग तो खटका लागतो.

आम्ही राहतो तो भाग इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या पूर्वेचा, फेन्सचा. सतराव्या शतकात दलदल उपसून काढलेली जमीन. माती काळी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरची आठवण येऊन मी मूठभर उचलली, पण ती हातात वजनालाच लागली नाही. आमची बार्शीकडची काळी दगडाची झालेली, ही कुजलेल्या बोरूची. रंग सोडला तर काही नातं नाही. पण या मातीत वाटाणा छान येतो, आणि पेरलेला वाटाणा रानपारव्याला फार आवडतो.

रानपारवा म्हणजे वुडपिजन. पुण्या-मुंबईच्या खिडक्यांत घुमतो तो पारवा वेगळा. हा चांगला अर्धा किलोचा, गुलाबट छातीचा, मानेवर दोन्हीकडे पांढरा डाग असलेला. आणि पंखावर एक पांढरा आडवा पट्टा. पाखरू पंख मिटून बसलं की पट्ट्याची जेमतेम एक कड दिसते. पंख उघडले की तो लख्ख चमकतो, अर्ध्या मैलावरूनही. सगळं यंत्र या एका पट्ट्यावर चालतं. लांबून जाणाऱ्या पारव्याला दाणा दिसत नाही. पेरलेला वाटाणा तर मातीखाली असतो. त्याला पांढऱ्या पट्ट्यांची उघडझाप दिसते. म्हणजे कोणीतरी उतरतंय, म्हणजे तिथे खायला आहे, आणि उतरणाऱ्याला अजून काही झालेलं नाही. या तिन्ही गोष्टी त्याला एका झळकीत कळतात, म्हणून ते वळतं.

पहिलं वळलं ते मी पाहिलं. उंच ॲशच्या झाडांच्या रांगेवरून सरळ चाललेलं एकुलतं पाखरू. मध्येच त्याचे पंख थबकले, जसा रस्त्यावरचा माणूस ओळखीची हाक ऐकून थबकतो. एक वळसा घेतला, वाऱ्याकडे तोंड केलं, पंख ताणून तरंगत खाली यायला लागलं. शेपूट पसरली, पाय पुढे आले.

बार झाला. मी दचकलो, बादली कलंडली.

*

आता थोडं माझ्या मचाणाबद्दल. कारण त्या बाराच्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं त्यात दया-बिया नंतर होती, आधी होता तो निव्वळ गोंधळ. मी लहानपणी पाखरांपासून रान राखलेला माणूस आहे. पाखरू रानात उतरायला लागलं की माझ्या तोंडून आपोआप "हाऽऽ" निघतं. इथे आम्ही दोघं ते उतरावं म्हणून श्वास रोखून बसलो होतो.

ज्वारी दाण्यात आली की शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर मी मचाणावर असायचो. चार मेढी, वर बाजलं, सावलीला कडब्याचं छप्पर. हातात आज्जीने विणलेली गोफण. थंडीत भोरड्यांचे थवे यायचे. काळ्या-गुलाबी भोरड्या, पार मध्य आशियातून आलेल्या, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा त्या फक्त शत्रू होत्या. थवा ढगासारखा यायचा आणि कणसांवर बसला की ज्वारी वाकायची. एका बाजूने हाकलला की दुसऱ्या बाजूने उतरायचा. पत्र्याचा डबा बडवायचा, गोफणीचा नुसता चटकारा काढायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचं.

आणि मध्ये बुजगावणं. आबांचा जुना सदरा, मडक्याचं डोकं, चुन्याचे डोळे. पहिले दोन दिवस पाखरं त्याला बिचकायची. तिसऱ्या दिवशी साळुंकी त्याच्या खांद्यावर. आबा म्हणायचे, त्याला हलवायला पाहिजे. ते रोज संध्याकाळी त्याची जागा बदलायचे, कधी सदरा बदलायचे, एकदा तर आज्जीचं फाटकं लुगडं नेसवलं, त्यावरून घरात दोन दिवस बोलाचाली बंद होती. हाताला दोरी बांधून मचाणावरून ओढायची युक्तीही आम्ही केली. दोरी ओढली की हात हलायचा. आठवडाभर चाललं.

आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बंदूक मोडून मांडीवर घेतली आणि नीट ऐकलं. मग म्हणाले, "मग तुझे वडील आणि मी एकच धंदा करतो. फक्त त्यांनी हलवलं की पाखरू जायचं, मी हलवलं की येतं."

तेव्हापासून मी त्या यंत्राला मनात उलटं बुजगावणं म्हणतो.

*

आडोशात बसण्याआधी तासभर आजोबांनी मांडणी केली होती. त्याआधी दोन संध्याकाळी ते दुर्बीण घेऊन नुसते गाडीत बसले होते, पारवे कुठून येतात ते बघत. पाखरांचे आकाशात रस्ते असतात, त्यांनी मला दाखवले. झाडांची रांग, कुंपणाचा कोपरा, विजेच्या मनोऱ्यांची ओळ, यांच्यावरून ती चालतात. रस्ता कळल्याशिवाय यंत्र मांडणं म्हणजे एसटी थांबत नाही तिथे चहाची टपरी टाकणं. (ही उपमा माझी. त्यांनी मासेमारीची काहीतरी दिली होती.)

मग मांडणी. वारा पाठीमागून किंवा बाजूने हवा, कारण पाखरू वाऱ्याला तोंड करून उतरतं आणि आपल्याला ते समोरून यायला हवं. प्लास्टिकची पोकळ पाखरं, अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखी, खुंटीवर टेकवलेली, म्हणजे वाऱ्याने जरा डुलतात. घोड्याच्या नालेसारखी ठेवायची, मध्ये रिकामी जागा. यंत्र नालेच्या एका टोकाला. नवीन पाखरू मधल्या मोकळ्या जागेत उतरायला बघतं, तेच मारायचं ठिकाण. यंत्राबरोबर एक-दोन साधी फसवणीही असतात. लवचिक काठीच्या टोकाला पंख पसरलेलं पाखरू लावायचं, ते वाऱ्यानेच वर-खाली होतं. आणखी एक मोटर असते ती एकाच जागी बसलेल्या पाखराचे पंख फडफडवते. आजोबांना ती आवडत नाही. ती त्यांना अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखी वाटते.

पडलेलं पाखरू उताणं राहू द्यायचं नाही. पोटाकडची फिकी पिसं वरच्यांना दिसली की ते उधळतात. दर थोड्या वेळाने आजोबा बाहेर जायचे, पडलेली पाखरं सरळ करायचे, हनुवटीखाली काटकी टेकवून मान उभी करायचे. घरातल्या बाईने पाहुणे यायच्या आधी उशा सारख्या कराव्यात तसं. नंतर यंत्रावरची जुनी, आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून ठेवलेली पाखरं उतरवून त्यांनी आजची ताजी लावली. ताज्याचे पंख मोकळे असतात, चांगले पसरतात.

त्यातलं एक मी हातात घेतलं. ते अजून गरम होतं. मानेवरची पिसं हलवली की हिरवी व्हायची, परत हलवली की जांभळी. डोळ्याची पापणी खालून वर मिटलेली. गळ्याखालची दाण्याची पिशवी इतकी टच्च होती की बोटाला आतला एकेक वाटाणा लागत होता. आजोबांनी चाकूने ती चिरली आणि माझ्या ओंजळीत ओतली. फुगलेले, ओले, काहींना कोंब फुटायला आलेला. मी मोजले. सत्त्याऐंशी.

"एका पाखराच्या एका जेवणात," ते म्हणाले. "आता तू सांग."

मी काय सांगणार? भोरड्या मारल्या असत्या का आम्ही, आमच्याकडे बंदूक असती तर? आबांनी मारल्या असत्या. मी मचाणावरून खाली उतरून मेलेली भोरडी उचलायला आधी पळालो असतो.

*

मोटर यायच्या आधी तिचं काम जिवंत पाखराकडून करून घेत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पॅसेंजर पिजन पकडायचे त्याची रीत वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. एका कबुतराच्या पापण्या दोऱ्याने शिवायच्या, त्याला एका उचलता येणाऱ्या बैठकीवर बांधायचं, वर थवा दिसला की दोरीने बैठक उचलून एकदम खाली सोडायची. आंधळं पाखरू आधार गेला म्हणून पंख फडफडवायचं. वरच्यांना वाटायचं, कोणीतरी खायला उतरतंय. थवा उतरला की जाळं. फितूर खबऱ्याला इंग्रजीत स्टूल पिजन म्हणतात ते यावरूनच, असं सांगतात. कधी काळी आकाश झाकून टाकणारी ती कबुतरं संपली. शेवटची मादी मार्था 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. अर्थात ती जात नुसत्या बांधलेल्या पाखरांनी संपली नाही. जंगलं गेली, तारायंत्राने थव्यांच्या बातम्या गावोगाव पोचल्या आणि आगगाडीने मेलेली पाखरं शहरात.

ब्रिटनमध्ये आता तसं करता येत नाही. 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार बांधलेलं, आंधळं किंवा जखमी जिवंत पाखरू आमिष म्हणून वापरायला बंदी आहे. मेलेलं चालतं, प्लास्टिकचं चालतं, मोटरीवर फिरणारं चालतं. यंत्राचा हा एक फायदा मला मान्य करायला हवा. त्याला काही वाटत नाही.

डिकॉय, म्हणजे भुलवून आणणारं आमिष किंवा सापळा, हा शब्दच मुळी या दलदलीत डच भाषेतून आला असं सांगतात, त्यांच्याकडे कोई म्हणजे पिंजरा. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर बरो फेन नावाचं जुनं डिकॉय आहे. तळं, त्यातून निघालेले निमुळते होत जाणारे वाकडे चर, चरांवर कमानी आणि जाळी. चराच्या कडेने बोरूचे पडदे. पारध्याचं छोटं कुत्रं पडद्याआडून निघायचं, दिसायचं, परत आड जायचं, पुढच्या फटीतून पुन्हा दिसायचं. बदकं घाबरून उडण्याऐवजी हे काय आहे म्हणून त्याच्या मागे मागे पोहत आत जायची. एकेकाळी इथली बदकं लंडनच्या बाजारात जायची, नंतर पायात कडी घालून सोडून देण्यासाठी ती पकडली जायची. कुत्रं तेच काम करायचं जे मोटर करते. हलायचं.

आणि आपल्याकडे? मी रविवारी आबांना फोनवर यंत्राचं सांगितलं तेव्हा ते आधी गप्प झाले. "आरं, आपुन हाकलायचो. ही बोलवून मारत्यात?" मग त्यांना आठवलं. ते लहान असताना, म्हणजे शिकारबंदीच्या 1972 च्या कायद्याच्या कितीतरी आधी, आमच्या शिवारात एक म्हातारा पारधी यायचा. त्याच्या खांद्याला बांबूचा पिंजरा आणि पिंजऱ्यात पाळलेला तितर. पिंजरा माळावर ठेवायचा, भोवती फासे मांडायचे आणि स्वतः लांब जाऊन पडायचं. पिंजऱ्यातला तितर ओरडला की रानातला तितर भांडायला यायचा, आपल्या हद्दीत हा कोण म्हणून. "त्यो तितर लई जीव लावायचा म्हाताऱ्याला," आबा म्हणाले. "त्येच्या हातातलं खायाचा. मेला तवा म्हाताऱ्यानं दोन दिस काय खाल्लं न्हाई."

म्हणजे तितर रागाने यायचा, बदक कुतूहलाने, आणि पारवा भरवशाने. पारव्याचं मला जास्त लागतं ते त्यामुळेच असावं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे आज्जी दिवसातून दोनदा म्हणायची. पण पारवा फसतो तो शंभरातले नव्व्याण्णव वेळा दिसतं तसंच असतं म्हणून. जिथे आपलं माणूस निवांत जेवताना दिसतं तिथे बसावं, हा नियम काही वेडा नाही. आम्हीही परगावी ढाबा असाच निवडतो, ट्रक किती उभे आहेत ते बघून.

*

दुपारी साडेबाराच्या सुमारास पाखरं फिरकेनाशी झाली. फिरकेनाशी म्हणजे यायची, पण साठ-सत्तर पावलांवरून एक बाक घेऊन निघून जायची. आजोबांनी दोन-तीन वेळा हे पाहिलं आणि यंत्र बंद केलं. पुढच्याच खेपेला एक पारवा सरळ आत आला.

"शिकलीत," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, शिक्षकाने एखाद्या द्वाड पोराबद्दल बोलावं तसं बोलले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे यंत्र सगळ्यांकडे आलं. सुरुवातीला जादू वाटायची. आता ज्या रानावर आठवडाभर यंत्र फिरलं तिथली पाखरं ते बघूनच वळतात. मग त्यांनी रिमोट आणला, पाखरू लांब असताना फिरवायचं आणि जवळ आलं की थांबवायचं. एकाच वेगाने, एकाच वर्तुळात, न थकता फिरणारी दोन पाखरं. जरा जवळून पाहिलं तर मलाही ते भुताटकीसारखं दिसत होतं. खरं पाखरू उतरतं आणि मग बसतं. हे कधी बसतच नव्हतं.

आबांचं बुजगावणं हललं नाही म्हणून ओळखलं गेलं. हे थांबत नाही म्हणून.

यात एक गंमत शास्त्रज्ञांनी आधीच पाहून ठेवली आहे. इंग्लिस आणि आयझॅक्सन या दोघांनी 1984 साली छापलेल्या प्रयोगांत मेलेले रानपारवे वेगवेगळ्या ढंगांत शेतात मांडून पाहिले. पंख मिटलेल्यांजवळ पाखरं उतरली, पंख पसरून पांढरा पट्टा दाखवणाऱ्यांपासून दूर राहिली. कारण तोच पट्टा उडून जातानाही चमकतो, म्हणजे पळा. ते दोघे पाखरांना पिकापासून लांब ठेवायचा उपाय शोधत होते. पसरलेले पंख जागेवर स्थिर असले तर भीती, आणि हवेत फिरते असले तर बोलावणं. बुजगावणं आणि उलटं बुजगावणं एकाच मेलेल्या पाखराचं होतं. मधे फक्त मोटर.

मग हे सगळं करून पारवे कमी होतात का? याचं उत्तर इथूनच जवळ, केंब्रिजशरमधल्या कार्लटन गावाच्या शिवारात शोधलं गेलं. रॉन मर्टन आणि त्यांचे सहकारी तिथे कित्येक वर्षं रानपारवे मोजत होते. तेव्हा सरकार पारवे मारायला काडतुसांवर सवलत देत असे. मर्टन यांना दिसलं ते असं, की पारव्यांची संख्या ठरते हिवाळ्यात खायला किती मिळतं त्यावर. थंडीत मारलेली बरीचशी पाखरं तशीही उपासमारीने मेली असती. त्यांच्या वाट्याचं उरलेल्यांना मिळतं आणि वसंतात अंडी घालायला तितकीच उरतात. 1974 साली हा अभ्यास छापून आला. त्याच सुमारास शेतकऱ्यांनी रेपसीड, म्हणजे आपल्या मोहरीचा भाऊ, मोठ्या प्रमाणावर पेरायला सुरुवात केली. हे पीक हिवाळाभर हिरवं उभं असतं. ज्या महिन्यांत पारवा उपाशी मरायचा त्याच महिन्यांत त्याला भरलेलं ताट मिळालं. आज ब्रिटनमध्ये रानपारव्यांच्या सुमारे 50 लाख जोड्या आहेत.

आम्ही बसलो होतो त्याच्या शेजारचं रान रेपसीडचं होतं. एप्रिलात ते असं पिवळं होतं की बघताना डोळे बारीक करावे लागतात. आजोबा त्या पिवळ्याकडे हात करून म्हणाले, "कारखाना तो आहे. मी इथे बसून फाटकावर एकेक पोतं अडवतोय."

हे त्यांना माहीत आहे आणि तरीही ते येतात, हे मला आवडलं. सगळ्या शिकाऱ्यांना इतकं स्वच्छ बोलता येत नाही. पुष्कळ जण सारखं शेतकऱ्याचं नुकसान, शेतकऱ्याचं नुकसान करत असतात, आणि शेतकरी ट्रॅक्टरवरून हात करून गेला तर त्यांना नीट दिसतही नाही. कायद्याला मात्र कारण लागतं. रानपारवा मारायला इथे बंद हंगाम नाही, पण तो मौजेसाठी मारता येत नाही; पिकाचं गंभीर नुकसान टाळणं वगैरे ठरलेल्या कारणांसाठी सरकारी सर्वसाधारण परवान्याखाली मारता येतो. 2019 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधले हे परवाने वन्यजीवांच्या बाजूने कोर्टात जायची तयारी झाल्यावर अचानक मागे घेतले गेले होते, ऐन पेरणीत, आणि मग नव्या अटींसह परत आले. त्या आठवड्यांत आजोबा रोज सकाळी कुंपणावरून माझ्याशी राजकारण बोलायचे.

ते रोज येतात यामागे मौज आहेच. तेही ती लपवत नाहीत. या खेळाचे दैवत म्हणावेत असे मेजर आर्ची कोट्स हॅम्पशरमध्ये पारवे मारून पोट भरायचे. 1962 साली त्यांनी एका दिवसात 550 मारले, यंत्राशिवाय. आजोबांनी हा आकडा ज्या सुरात सांगितला त्या सुरात आमच्याकडे गावस्करांच्या धावा सांगतात. मी हिशोब केला, दिवसाचे आठ तास धरले तरी मिनिटाला एकाहून जास्त. त्या माणसाचा खांदा संध्याकाळी कसा असेल?

*

चारच्या सुमारास आवरलं. आजोबांची मोजणी 41. बंदूक मोडून, रिकामी करून, म्यानात घातली. प्लास्टिकची पाखरं एकात एक बसवून पिशवीत. मी जाळीच्या गुंड्या सोडवत होतो. रिकामी काडतुसं एकेक वेचली. आजोबा त्याबाबतीत फार काटेकोर आहेत.

यंत्र शेवटी काढायचं होतं. आम्ही दोघंही बांधाच्या अलीकडे पाठमोरे, आणि मला वाटतं मीच कोटावरच्या रिमोटवर बसलो. मागे करकर ऐकू आली. वळून पाहिलं तर दांडे फिरायला लागले होते, पण बॅटरी उतरलेली, त्यामुळे अगदी हळू, लग्नात आजारी आजीला मांडवातून फिरवून आणावं तसे. आणि उघड्या रानात, आडोसा नाही, जाळी नाही, आम्ही दोघं समोर धडधडीत उभे असताना, झाडांच्या रांगेवरून एक पारवा वळला. वाऱ्याकडे तोंड केलं, तरंगत आला, आणि यंत्राच्या बाजूला जिथे नाल मांडली होती तिथे उतरला.

त्याने मान उंच करून आमच्याकडे पाहिलं. डोक्यावरून एक मेलेला पारवा गेला, मग दुसरा. मग त्याने मातीत चोच घातली.

माझ्या तोंडून "हाऽऽ" निघालं. अगदी मचाणावरचं, पोटातून. पारवा टाळ्या वाजवल्यासारखा पंखांचा आवाज करत उडाला आणि आजोबा इतके दचकले की हातातली पिशवी पडली.

"हे काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग स्वतः करून पाहिलं. त्यांना नीट जमलं नाही, त्यांचा 'ह' फार सभ्य आहे.

बहुतेक पाखरं मांसविक्रेत्याकडे गेली, त्याचे चिल्लर पैसे येतात आणि काडतुसांचाही खर्च भरून निघत नाही. चार त्यांनी मला दिली. छातीचं मांस काळसर लाल, काळजासारखं. बायकोने स्वयंपाकघर सोडलं. मी काळं तिखट, सुकं खोबरं आणि भरपूर लसूण घालून सुकं केलं आणि एकट्याने खाल्लं, मोबाइलवर क्रिकेट बघत. चव सशाकडे झुकणारी, जरा रानटी. तिसऱ्या घासाला दाताखाली छर्रा आला. तो मी वाटीत टाकला, टिंग वाजला.

मग आबांना फोन लावला. यंत्र, नाल, कुत्र्यामागे जाणारी बदकं, 41, सगळं पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मध्ये मध्ये "हां, हां" केलं. सुक्यात खोबरं किती घातलं ते विचारलं.

मग म्हणाले, "आन् वाटाणा? वाटाणा उगावला का?"

मी म्हणालो, ते बघितलं नाही.

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तिकडे पाऊस कधी धरतो ते विचारलं.